मंगळवारच्या बायका

कोणाकडे काही न मागता आपलं काम करून घेण्यात माझा हात धरणारा माणूस दुबईत नसेल. शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात एका गॅरेजमध्ये मी फोरमन आहे. सुट्टी हवी असली की मी मालकापुढे दोन दिवस नुसता मान खाली घालून उभा राहतो. तिसऱ्या दिवशी तोच विचारतो, "राजाभाई, छुट्टी चाहिए क्या?" तोंड उघडून मागितलं की माणूस लहान होतो, असं माझे वडील म्हणत. ते नगरला मिशनच्या शाळेत शिपाई होते. त्यांनी उभ्या आयुष्यात कोणाकडे काही मागितलं नाही. त्यांना काही मिळालंही नाही, पण हा भाग माझ्या फार उशिरा लक्षात आला.

तर अशा कसलेल्या माणसाला काय हवं होतं? मंगळवार.

सांगतो. माझी बायको साधना गेल्या उन्हाळ्यात वारली. आम्ही इंटरनॅशनल सिटीत पहिल्या मजल्यावर राहतो. राहत होतो म्हणायला हवं, पण अजून जीभ वळत नाही. तर तिचा बायकांचा एक प्रार्थनेचा गट होता आणि तो वर्षानुवर्षं दर मंगळवारी संध्याकाळी आमच्याच घरी जमायचा. गट म्हणजे नुसती सरमिसळ! नबिला लेबनॉनची, शाळेत शिकवते, गटाची पुढारी तीच. शोशाम्मा केरळची नर्स. ग्लेंडा फिलिपिन्सची, सलूनमध्ये काम करते. ओलूची नायजेरियाची, कार्गो कंपनीत आहे. आणि आमची साधना, नगरची. एकीचं इंग्रजी दुसरीला धड कळत नसे, पण एकीच्या डोळ्यांत पाणी आलं की पाचही जणी एकाच पेपर नॅपकिनच्या डब्यावर तुटून पडत. आता माझं त्यांच्याशी बोलणं हिंदी-इंग्रजीच्या खिचडीत होतं. इथे मी ते मराठीत सांगतो, नाहीतर तुमचा आणि माझा दोघांचाही वेळ जायचा.

साधना गेल्यावर त्यांनी मला जेवण पुरवलं, घर झाडलं, माझ्या शर्टांना बटणं लावली. मग एके दिवशी नबिला म्हणाली की आता मंगळवारची प्रार्थना तिच्या घरी होईल. मला त्रास नको म्हणून. मी मान हलवली. आणि पुढचा मंगळवार आला तेव्हा कामावरून घरी येऊन मी दिवाणखान्यात बसलो, तर घर इतकं गप्प होतं की फ्रिज सुरू झाला तरी दचकायला होई.

मुलगा वेदांग टोरोंटोला असतो. त्याला फोनवर जेमतेम सांगितलं, तर तो म्हणाला, "डॅड, जस्ट आस्क देम." जस्ट म्हणे! चार बायकांना एका विधुरानं जाऊन सांगायचं, की तुम्ही माझ्या घरी येत जा. कसं दिसतं ते?

पण मला त्यांच्या गटातली एक पद्धत माहीत होती. प्रार्थना सुरू व्हायच्या आधी प्रत्येक बाई आपली विनंती सांगते. कोणाच्या भावाची नोकरी, कोणाचं गुडघ्याचं ऑपरेशन. पण एखादीला आपली गोष्ट उघड करायची नसेल, तर तिनं नुसतं 'अनस्पोकन' म्हणायचं. म्हणजे विनंती आहे, पण सांगणार नाही. मग बाकीच्यांनी काहीही न विचारता तिच्यासाठी प्रार्थना करायची. विचारायचं नाही हा नियम कडक. आमच्या गॅरेजमध्ये असा नियम असता तर कितीतरी गिऱ्हाइकं सुखी झाली असती.

मला वाटलं, हे तर माझ्यासाठीच काढलंय! न मागता मागायची सोय, आणि तीही थेट देवाच्या कचेरीत. इथे आमचं चर्च शुक्रवारी भरतं. ते सुटल्यावर मी नबिलाला गाठलं. ती मला अबू वेदांग म्हणते, वेदांगचा बाप. त्यांच्याकडे तशी रीत आहे.

मी म्हणालो, "माझी एक विनंती आहे. अनस्पोकन."

तिनं छातीवर हात ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "खलास," म्हणजे त्यांच्या भाषेत झालं, ठरलं, "अबू वेदांग. एक शब्द बोलू नका."

मी खूश होऊन घरी आलो. माझा हिशेब साधा होता. चौघी प्रार्थना करतील, देव त्यांच्या डोक्यात घालील आणि त्या आपण होऊन येतील.

आता यात एक गोष्ट मी धरली नव्हती. विचारायचं नाही असा नियम आहे. तर्क करायचा नाही असा नियम नाही.

शोशाम्मानं तर्क केला की मला काहीतरी आजार झालाय. तिचं तरी काय चुकलं? स्वतःच्या हातचं खाऊन माझं वजन उतरलं होतंच. रविवारी ती दारात हजर, हातात ब्लडप्रेशरचं मशीन. मी काय झालं म्हणून विचारायला तोंड उघडलं, तर म्हणाली, "ब्रदर, काही सांगायचं नाही. बाही वर करा." मग तिनं मला एका क्लिनिकमध्ये नेऊन रक्त काढवलं, छातीचा फोटो काढवला. मी आपला मुकाट्यानं गेलो. म्हटलं, आज एक आली, मंगळवारी चौघी येतील. साखर जरा वाढलेली निघाली, म्हणून घरातली साखर ती घेऊन गेली. मंगळवार आला तसा गेला, आणि तोही बिनसाखरेचा.

ग्लेंडाचा तर्क वेगळा होता. तिला वाटलं, मला पुन्हा लग्न करायचंय आणि बोलायची लाज वाटतेय. तिनं मला सलूनमध्ये बोलावलं. म्हणाली, "कुया, केस फार वाढलेत." कुया म्हणजे दादा. साधनाला ती आते म्हणायची, त्यांच्याकडे आते म्हणजे ताई. मी खुर्चीत बसलो. दिवसभर ढोर मेहनत करणाऱ्या माणसाच्या डोक्याला कोणी कोमट पाणी लावलं की त्याला झोप लागते. जागा झालो तेव्हा माझे केस, मिशा आणि भुवया काळ्या कुळकुळीत झाल्या होत्या. आरशात पाहिलं तर वाटलं, कोणीतरी माझ्या तोंडावर टायरचं रबर वितळवून ओतलंय. एरवी हे काम चाळीस दिरहॅमचं, म्हणजे जवळजवळ हजार रुपये. पैसे तिनं घेतले नाहीत. वर मोबाइलवर माझे दोन फोटो काढले आणि म्हणाली, "माझी एक मावशी आहे, शी इज आल्सो अलोन." मला वाटलं, बिचारी मावशीची हकिकत सांगतेय. मी म्हणालो, देव तिचं भलं करो. ग्लेंडाचा चेहरा असा उजळला की मला कळेना, यात एवढं काय आहे.

त्या आठवड्यात ओलूची मला क्लिनिकपाशी भेटली. मी रिपोर्ट घ्यायला गेलो होतो. तिनं माझ्या हातातला छातीचा फोटो पाहिला, माझे नवे केस पाहिले आणि तिचा चेहरा एकदम पडला. कार्गो कंपनीत काम करणाऱ्या बाईच्या डोक्यात एकच विचार येणार. मेडिकल झालं, फोटोसाठी नीटनेटका झाला, म्हणजे माणूस कागदपत्रं आवरतोय. हा मुलाकडे नाहीतर इंडियाला कायमचा निघाला आणि आपल्याला सांगवत नाहीये. तिनं माझा हात दाबला आणि म्हणाली, "ब्रदर, आम्ही आहोत." मी म्हणालो, "थँक यू." माझ्या मते ती साखरेबद्दल बोलत होती.

ओलूचीनं नबिलाला सांगितलं. नबिलानं बाकीच्या दोघींना. मी तपासणीला इतक्या मुकाट्यानं का आलो याचा शोशाम्माला अर्थ लागला, ग्लेंडाला मावशीचं वाईट वाटलं, पण चौघींनाही पटलं. देवानं त्यांच्या डोक्यात काहीतरी घातलं खरं, फक्त माझा पत्ता चुकला.

आणि मंगळवारी संध्याकाळी बेल वाजली.

मी दार उघडलं तर चौघी! अगदी पूर्वीसारख्या, ओळीनं, सगळ्यात पुढे नबिला. मला इतका आनंद झाला, की मी काही बोलायच्या आत हसायलाच लागलो. दार पूर्ण उघडून बाजूला झालो. खुर्च्या मी दर मंगळवारी उगाच मांडून ठेवायचो, त्या मांडलेल्याच होत्या. मनात म्हटलं, राजाभाऊ, मानलं तुला. न मागता मिळवलंस.

हे समाधान पुरती दोन मिनिटंही टिकलं नाही. त्यांच्या मागोमाग ओलूचीच्या कंपनीचे दोन हमाल पुठ्ठ्याची रिकामी खोकी घेऊन वर आले.

"ही कशाला?" मी विचारलं.

शोशाम्मानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "काही बोलायचं नाही, ब्रदर. आम्हाला समजलंय."

आता बायकांना समजलंय म्हटल्यावर पुरुषानं काय विचारायचं! मला वाटलं, साधनाचे कपडे कोणा गरजूला द्यायचे असतील. तो विषय मीच टाळत होतो. म्हटलं, बरं झालं, ह्याच करतील. मी सगळ्यांसाठी चहा टाकायला स्वयंपाकघरात गेलो, तर माझ्या हातातलं पातेलं ग्लेंडानं काढून घेतलं, वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि खोक्यात ठेवलं. मग चहाची गाळणी. मग पोळपाट.

त्यांचा वेग काय सांगू! आमच्या गॅरेजमध्ये इंजिन खोलायला चार माणसं लागतात आणि दोन दिवस जातात. या चौघींनी माझं स्वयंपाकघर कुकरच्या शिट्ट्या होतात तेवढ्या वेळात रिकामं केलं. मी एकीच्या मागे जाऊन "अहो, ऐका" म्हणायचो, तर ती डोळे पुसत म्हणायची, "नको, बोलू नका, आम्हालाही त्रास होतो." नियम म्हणजे नियम.

एवढ्यात वरच्या मजल्यावरचे बदरुद्दीनभाई मापाची टेप घेऊन आले. रत्नागिरीचे, पंधरा वर्षांपासूनचे शेजारी. त्यांना जिन्यात ओलूचीनं सांगितलं होतं.

"राजाभाऊ, तुमी कायमचं चाललात नि आमाला सांगितलंत पण नाय?" ते म्हणाले. मग जरा घुटमळत, बायकोचं नाव पुढे करून, "खतीजा म्हणते, फ्रिज नेणार नसाल तर आमच्या शाहबाजच्या खोलीत बसंल. माप घेऊ?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी कायमचा चाललो होतो! सगळ्यांना माहीत होतं, मला सोडून.

मी दिवाणखान्यात धावलो. तोवर हमालांनी सोफा उचलून दारात नेला होता. हा सोफा घरात आणताना बाल्कनीतून दोरानं ओढून घेतला होता, कारण तो दारातून जात नाही. हे फक्त साधनाला आणि मला माहीत होतं. हमालांनी जोर लावला आणि सोफा दारात असा पक्का बसला, की चुकीच्या आट्याचा बोल्टही एवढा बसत नाही. चौघी बाहेर जिन्यापाशी. मी आत. बदरुद्दीनभाई सोफ्यावरून पलीकडे जायच्या प्रयत्नात मध्येच अडकलेले, टेप अजून हातात.

मला गप्प करायला आता कोणी जवळ पोचू शकत नव्हतं.

"मला कुठेही जायचं नाही," मी म्हणालो.

पलीकडे एक खोकं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"इंडियाला नाही, टोरोंटोला नाही. मी आजारी नाही. लग्नही करायचं नाही. मला मंगळवार पाहिजे. तुम्ही इथे यायला हवं. आधी यायचात तशा. एवढंच मागायचं होतं."

बदरुद्दीनभाईंनी टेप हळूच खिशात घातली. फ्रिजचा विषय पुन्हा निघाला नाही.

सोफ्याच्या पाठीवरून मला नबिलाचं फक्त कपाळ आणि डोळे दिसत होते. ती म्हणाली, "पण तुम्हाला तर आम्ही आवडत नव्हतो."

"कोण म्हणालं?"

"साधना." मग घाईनं, "तसं नाही म्हणाली ती. म्हणायची, माणूस फार चांगला आहे, पण त्यांना आवाज सोसत नाही. आम्ही आलो की तुम्ही गाडीची किल्ली घेऊन खाली जायचात. म्हणून ती आम्हाला म्हणायची, हळू गा, खाली बसलेत. आम्ही सगळी वर्षं हळूच गायलो, अबू वेदांग."

मी खाली जायचो हे खरं. बायकांना मोकळं बोलता यावं, मध्ये पुरुष नको, म्हणून जायचो. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली गाडी लावायचो, काच खाली करायचो आणि ऐकत बसायचो. त्या इतकं हळू का गातात हे मला कधी कळलं नाही. मी गाडी आणखी भिंतीला चिकटवून लावायचो. त्या माझ्यासाठी आवाज खाली आणत होत्या आणि मी त्यांच्यासाठी कान वर करत होतो. मध्ये एक मजला.

हे मी त्यांना सांगितलं. ग्लेंडा रडत रडत हसायला लागली. मग हमालांनी आणि बदरुद्दीनभाईंनी मिळून सोफा आत ओढला, दाराच्या चौकटीचा एक टवका घेऊन. चौघी आत आल्या आणि आपापल्या खुर्चीत बसल्या. मी पहिल्यांदाच त्यांच्यात बसलो, दाराजवळ.

"आज मोठ्यानं गाऊ," शोशाम्मा म्हणाली. "ब्रदर, तुम्ही सांगा कोणतं."

मला नाव येत नव्हतं. शब्दही नाहीत. मी म्हणालो, "तुम्ही सगळ्यात शेवटी म्हणता ते." आणि चाल गुणगुणून दाखवली. जशी जमली तशी.

चौघींनी एकमेकींकडे पाहिलं. मला वाटलं, मी बेसूर गायलो असेन. पुन्हा गुणगुणलो. ओलूची तर त्यांची गाणी बसवणारी. तिनं मान हलवली. "हे आमचं नाही, ब्रदर."

"असं कसं? भांड्यांचा आवाज यायला लागतो, त्यानंतर. साधना पुढे म्हणायची, तुम्ही मागून म्हणत असणार."

"भांड्यांच्या वेळी आम्ही नसायचोच," ग्लेंडा म्हणाली. "माझी बस मागच्या रस्त्यावर असायची. आम्ही सगळ्या इमारतीच्या मागच्या दारानंच जायचो. कप धुऊन देतो म्हटलं तर आते साधना ऐकायची नाही. म्हणायची, जा, जा लवकर, ते खाली थांबलेत."

नबिलानं उठून नॅपकिनचा डबा शोधला, पण तो कुठल्या खोक्यात गेला होता ते कोणालाच आठवेना.

गाणं चालू असेपर्यंत मी वर जायचो नाही. आत बायका आहेत, मध्येच कशाला जा, म्हणून. ते संपलं की दहा मिनिटं अजून थांबायचो, त्यांना निरोप घ्यायला वेळ मिळावा म्हणून. मग वर जायचो. साधना ओले हात पुसत म्हणायची, "आलात?" मी म्हणायचो, "झालं का तुमचं?" ती म्हणायची, "झालं."

इतक्या मंगळवारी ती त्यांना लवकर घालवून एकटी कप धूत गात होती, आणि मी खिडकीखाली गाडीत बसून गर्दी पांगायची वाट बघत होतो.

आता त्या दर मंगळवारी येतात. मोठ्यानं गातात. मी दाराजवळच्या खुर्चीत बसतो आणि माझी पाळी आली की विनंती शब्दांत सांगतो. नबिलानं माझ्यापुरती अनस्पोकनची सोय बंदच केलीये. साखर अजून शोशाम्माकडे आहे. ग्लेंडाच्या मावशीला मी स्वतः फोन करून माफी मागितली. ती म्हणाली, काही हरकत नाही, फोटोतला माणूस तिलाही जरा संशयास्पदच वाटला होता.

बायका गेल्या की कप मी धुतो. गेल्या आठवड्यात ती चाल म्हणून पाहिली, खिडकी उघडी ठेवून, जरा गळा मोकळा सोडून. एकच कडवं झालं असेल. वरून बदरुद्दीनभाईंचा फोन आला. म्हणाले, राजाभाऊ, तुमच्याकडं पण पाण्याची मोटर आवाज करत्ये काय, वॉचमनला सांगू?

मी सांगा म्हणालो.